सेलबोटीच्या डेकवरचं सामान: काय, कशासाठी, आणि आधी पैसे कशावर घालायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघा मित्रांनी मिळून सेकंडहँड ३० फुटी सेलबोट घेतलीय, ती मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या बोयाला, उभी आहे, सेलिंगचा कोर्स झालाय पण तो छोट्या डिंगीवर, आणि आता या बोटीच्या डेकवर इतकं सामान दिसतंय की कशाचा काय उपयोग, कशाला हात लावायचा नाही आणि आधी खर्च कशावर करायचा हेच कळत नाही. अशा बोटी चालवणं, इकडून तिकडे नेऊन पोचवणं आणि पावसाळ्यात त्यांची कामं काढणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

डिंगीवरून मोठ्या बोटीवर आलेल्या माणसाला पहिली गोष्ट पटवावी लागते ती ओढीची. डिंगीवर शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायचा दोर, हातात धरून बसता येतं. ३० फुटीवर तसं नाही. एक ढोबळ हिशोब आहे, जेनोआचं, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाचं, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाच्या वर्गाने गुणा आणि मग ०.०२१ ने गुणा, शीटवर किती किलोची ओढ येते ते मिळतं. तुमच्या बोटीचा जेनोआ समजा २८ चौरस मीटर आहे, तर १० नॉट वाऱ्यात साधारण ६० किलो, आणि २० नॉटला थेट २३५ किलोच्या आसपास. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. सकाळी मस्त हलका वारा होता म्हणून मांडव्याला गेलो आणि परत येताना दुपारचा वारा वाढला की तीच बोट वेगळीच वाटायला लागते, ती यामुळे.

म्हणून डेकवरच्या कुठल्याही वस्तूकडे बघताना मी नाव नंतर विचारतो, आधी बघतो की ओढ येते कुठून, वळते कुठे आणि शेवटी डेकला धरून कोण बसलंय. हे तीन कळले की निम्मं सामान आपोआप समजतं आणि बोटं पण शाबूत राहतात.

विंचपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त काम तीच करते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष पण तिच्याकडेच असतं. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना जे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे ड्रम दिसतायत त्या विंच. दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा. सुरुवातीला एक किंवा दोनच वेढे, हाताने भराभर ढिला दोर ओढून घ्यायचा, ओढ जाणवायला लागली की तिसरा, वारा जास्त असेल तर चौथा वेढा, आणि मग सगळ्यात शेवटी हँडल. नवीन लोक उत्साहाने आधीच चार वेढे टाकून ओढायला लागतात, मग वेढ्यावर वेढा चढतो आणि दोर असा आवळून बसतो की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. हे झालं की चाकू काढायचा नाही. दुसरा दोर घेऊन अडकलेल्या शीटला विंचच्या पुढच्या भागात रोलिंग हिच, म्हणजे ताणलेल्या दोरावर न घसरणारी गाठ, बांधायची, तो दोर दुसऱ्या विंचवर नेऊन ओढ त्याच्यावर घ्यायची, की इकडचा गुंता ढिला पडतो आणि हाताने सुटतो. वारंवार होत असेल तर दोर विंचकडे कुठल्या कोनात येतोय ते बघा, तो ड्रमच्या किंचित खालून वर चढत यायला पाहिजे, वरून खाली उतरत येत असेल तर वेढे एकमेकांवर चढणारच.

दोर सोडताना ड्रमवरच्या वेढ्यांवर डाव्या हाताचा तळवा दाबून ठेवायचा आणि उजव्या हाताने दोर थोडा थोडा द्यायचा. बोटं ड्रम आणि दोर यांच्यामध्ये कधीच नाहीत. हाताला दोर गुंडाळून धरणं तर विसराच, ही सवय डिंगीवर लागलेली असते आणि मोठ्या बोटीवर ती अंगठा घेऊन जाऊ शकते. सेल्फ टेलिंग विंच असेल, म्हणजे वर दातेरी जबडा असलेली, तर दोर तीच धरून ठेवते आणि एका माणसात काम होतं. टू स्पीड असेल तर हँडल उलटं फिरवून बघा, फिरतं हलकं पण दोर हळू येतो, जास्त ओढीला तोच गियर. विंचवरचा नंबर, म्हणजे ३० किंवा ४०, तो या हलक्या गियरमध्ये हँडलसकट ताकद साधारण किती पट होते ते सांगतो. अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये ५६ फुटी म्हादेई एकट्याने, कुठेही न थांबता जगाभोवती फिरवून आणली, एका माणसाला एवढी मोठी शिडं आवरतात ती असल्या यंत्रांच्या जोरावर, नुसत्या दंडांच्या नाही.

आता विंचचं पोट. हँडल फिरवताना टिक टिक टिक असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज दबका, चिकट किंवा एका बाजूनेच येत असेल तर आतले पॉल अडकलेत. पॉल म्हणजे नखाएवढे धातूचे खटके, मागे बारीक स्प्रिंग असते, ते बाहेर उडी मारून दात्यात बसतात म्हणून ड्रम उलटा फिरत नाही. ते बसले नाहीत तर हँडल भरधाव उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. सर्व्हिसिंग अवघड नाही. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला विंच जाईल एवढं भोक पाडा, ते विंचभोवती बसवा, आणि मगच ड्रम वर उचला, कारण त्या स्प्रिंगा उडाल्या की सरळ समुद्रात जातात आणि इथे पटकन मिळत नाहीत. धातूचे भाग रॉकेलात किंवा डिझेलमध्ये जुन्या ब्रशने धुवायचे, प्लास्टिकच्या बेअरिंग असतील तर साबणाच्या पाण्यात. परत लावताना गियरला आणि रोलरला पातळसर ग्रीस, पण पॉलला ग्रीस अजिबात नाही, फक्त हलक्या तेलाचा थेंब. ग्रीस लावलेला पॉल मीठ आणि धूळ खाऊन सहा महिन्यांत चिकटतो. मी उघडलेल्या बहुतेक बिघडलेल्या विंचमध्ये आतून काही तुटलेलं नव्हतं, कोणीतरी प्रेमाने डबाभर ग्रीस भरून ठेवलेलं होतं.

विंचच्या पुढे केबिनच्या छपरावर जी लिव्हरवाली रांग आहे ते रोप क्लच. मास्टवरून, म्हणजे डोलकाठीवरून, येणारे हॅल्यार्ड (शीड वर चढवायचे दोर), रीफिंगचे (शीड लहान करायचे) दोर वगैरे एकाच विंचवर आळीपाळीने आणता यावेत म्हणून ते असतात, ओढायचं विंचने आणि धरून ठेवायचं क्लचने. नियम एकच, ओढीखाली असलेला क्लच नुसता उघडायचा नाही. आधी तो दोर विंचवर घ्या, थोडा ओढा, मग लिव्हर उचला. नाहीतर हॅल्यार्ड सणसणत निघून जातो, मधे हात आला तर सोलून निघतो, आणि दोराची वरची सालही क्लचच्या दातात फाटते. क्लच कुठल्या जाडीच्या दोरासाठी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं, १२ च्या क्लचमध्ये ८ मिलीमीटरचा दोर घालून घसरतोय घसरतोय म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

कॅम क्लीट म्हणजे दोन दातेरी गाल एकमेकांवर दाबणारे, मेनशीटला, म्हणजे मुख्य शिडाच्या शीटला, आणि ट्रॅव्हलरला असतात, वर झटका दिला की सुटतात. हलक्या आणि मध्यम ओढीसाठी छान. साधी दोन शिंगांची क्लीट मात्र सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची. दोर आधी लांबच्या शिंगाखालून नेऊन बुडाला एक पूर्ण वेढा, मग एक किंवा दोन इंग्रजी आठ, आणि शेवटी एक अडकवणी. बस. काही जण क्लीटवर दोराचं वारूळ उभं करतात, घाईत सोडायची वेळ आली की रडायला होतं. तो बुडाचा पहिला वेढा महत्त्वाचा, तो असला की बाकीचं सोडत असतानाही ओढ हातात राहते. मापाचा जुना हिशोब असा की १२ मिलीमीटरच्या दोराला साधारण ८ इंची क्लीट, त्याहून लहान असेल तर वेढे नीट बसत नाहीत. बऱ्याच जुन्या बोटींवर पुढची क्लीट लहानच असते, आणि मूरिंगवर उभ्या बोटीचा सगळा जीव तिच्यावरच.

कप्प्या, म्हणजे ब्लॉक, यांच्याबद्दल एक गोष्ट लोकांना सांगितली तरी खरी वाटत नाही. दोर कप्पीतून वळला की कप्पीवर येणारी ओढ दोरापेक्षा जास्त असते. काटकोनात वळला तर साधारण १.४ पट, आणि उलटा फिरून परत मागे आला तर दुप्पट. म्हणजे वरच्या हिशोबातला २३५ किलोचा शीट मागच्या कप्पीतून फिरून पुढे विंचवर येत असेल तर त्या कप्पीवर जवळपास ४७० किलो. विंचला चार जाडजूड बोल्ट आणि कप्पीला दोन बारीक स्क्रू असं दिसलं तर समजा कोणीतरी नंतर स्वतःच्या डोक्याने बसवलीय. आणि अशा कप्पीतून दोराचा जो व्ही आकार होतो त्याच्या आतल्या बाजूला कधी बसू नका, उभं राहू नका, कारण कप्पी निघाली तर ती गोफणीतल्या दगडासारखी त्याच दिशेने सुटते.

जेनोआच्या रुळावर सरकणारी जी गाडी असते, कार म्हणतात तिला, ती पुढे घेतली की शिडाची मागची कड ताणली जाते आणि खालचा भाग फुगतो, मागे घेतली की खालची कड ताणते आणि वरचा भाग उघडतो. कुठे ठेवायची? शिडाच्या पुढच्या कडेजवळ जे लोकरीचे धागे असतात ते बघा. हळूहळू वाऱ्याकडे चढा, वरचा धागा आधी फडफडला तर कार पुढे घ्या, खालचा आधी फडफडला तर मागे. सगळे एकदम फडफडले की जागा बरोबर. त्या जागी रुळावर परमनंट मार्करने खूण करून ठेवा. कार ओढीखाली असताना पायाने ढकलायची नाही, आधी शीट ढिला करायचा किंवा ज्या बाजूला ओढ नाही त्या बाजूची हलवून ठेवायची आणि मग टॅक करायचा, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळायचं.

ट्रॅव्हलर हा आडवा रूळ, मेनशीट त्याच्यावर बसते. शिडाचा आकार न बिघडवता बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालची आडवी काठी, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला सरकवता येते, झुळूक आली की ट्रॅव्हलर सोडा, बोट सरळ होते. पण जाइब करताना, म्हणजे वारा मागून असताना शीड या बाजूचं त्या बाजूला जातं तेव्हा, तो रुळावर दाणकन जातो, म्हणून पाहुणे मंडळींना तिथे हात ठेवून बसू देऊ नका. व्हँग बूमला खाली धरून ठेवते. आणि प्रिव्हेंटर हा बोटीबरोबर येतच नाही, तो आपण लावायचा. बूमच्या अगदी टोकाला दोर बांधून पुढे नाळेजवळच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या, कप्पीतून फिरवून परत कॉकपिटमध्ये आणायचा, म्हणजे वारा मागून असताना चुकून जाइब झाली तर बूम डोक्यावरून फिरत नाही. बूमच्या मध्यावर बांधू नका, शीड उलटं भरलं किंवा बूम पाण्यात बुडाली तर ती मधेच मोडू शकते. आणि सोडायची सोय कॉकपिटमध्येच हवी.

फर्लरबद्दल, म्हणजे जेनोआ गुंडाळून ठेवणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात, जेनोआ गुंडाळायला त्रास होत असेल तर विंच लावून जोर काढू नका. अडकलंय म्हणजे वर मास्टच्या टोकाला हॅल्यार्ड फर्लरभोवती गुंडाळला गेलाय, किंवा खाली ड्रममध्ये दोर एकमेकांवर चढलाय. विंच लावली तर फोरस्टे, म्हणजे मास्टला पुढून धरणारी तारच, तुटायची.

आता पुढे जाऊ, नांगराकडे. मुंबई बंदराचा तळ चिखलाचा आहे. ३० फुटीवर बहुधा दोन चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ नांगर असेल नाहीतर फाळाच्या आकाराचा सीक्यूआर किंवा डेल्टा. मऊ चिखलात मोठ्या पात्याचा डॅनफोर्थ चांगला धरतो, पण भरतीची ओहोटी झाली आणि बोट उलटी फिरली की तो सुटून परत नीट बसेलच असं नाही, त्यामुळे रात्रभर राहायचं असेल तर मला नवीन पद्धतीचे रोकनासारखे नांगर जास्त आवडतात. चेन किती सोडायची हे लोक अंदाजपंचे ठरवतात, आणि इथे ते महागात पडतं, कारण मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वर-खाली होते. समजा ओहोटीला ४ मीटर पाणी आहे, भरतीला त्यात ४.५ मिळवा, पाण्यापासून तुमच्या नाळेची उंची १ मीटर, झाले ९.५. सगळी चेन असेल तर याच्या पाचपट, म्हणजे ४८ मीटरच्या आसपास. थोडी चेन आणि पुढे दोर असेल तर सातपट. ओहोटीला टाकून ४ मीटरचाच हिशोब धरला तर भरतीला बोट चालायला लागणार.

विंडलास, म्हणजे नांगर ओढायची विंच, ३० फुटीवर असेलच असं नाही. ८ मिलीमीटरची चेन मीटरला साधारण १.४ किलो भरते, २० मीटर चेन आणि वर नांगर म्हणजे ४० किलोच्या आसपास, दोघांनी हाताने ओढता येतं. फक्त ती चेन मुंबईचा काळा चिकट गाळ घेऊन वर येते, बादली आणि लांब दांड्याचा ब्रश पुढे ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका, नाहीतर पांढरं डेक संध्याकाळपर्यंत बघवत नाही. विंडलास असेल तर चेन त्याच्या जिप्सीत, म्हणजे खाचांच्या चाकात, नीट बसते का बघा, मापात थोडा फरक असला तरी कडी उडी मारते. वापरताना इंजिन चालू ठेवा आणि इंजिननेच बोट हळूहळू नांगराकडे न्या, विंडलासने फक्त ढिली पडलेली चेन गोळा करायची, बोट ओढायची नाही.

आणि नांगर पडल्यावर ओढ विंडलासवर ठेवून झोपायचं नाही. १२ मिलीमीटरचा तीन पिळांचा नायलॉन दोर घ्या, सहा-सात मीटर, एक टोक चेनला हुकाने किंवा रोलिंग हिचने आणि दुसरं पुढच्या क्लीटवर, मग चेन अजून थोडी सोडा म्हणजे ती मधे ढिली लोंबेल आणि सगळी ओढ त्या नायलॉनवर येईल. त्याला स्नबर म्हणतात. नायलॉन ताणतो, म्हणून लाटेचा झटका तो गिळतो, चेन नाही गिळत. जिथे तो दोर डेकच्या कडेवरून खाली उतरतो तिथे फायरब्रिगेडच्या जुन्या होज पाइपचा तुकडा चढवा. चेनचं आतलं टोक लॉकरमध्ये दोराने बांधलेलं असावं, शॅकलने नाही, आणि तो दोर डेकपर्यंत येईल एवढा लांब असावा, कारण कधी नांगर सोडून पळायची वेळ आली तर चाकूने कापता आला पाहिजे.

तुमची बोट मूरिंगवर असल्याने हेच घासण्याचं प्रकरण तुमच्या मूरिंगच्या दोराला रोजच लागू. गेटवेसमोर लाँच आणि फेरीबोटी दिवसभर लाटा उठवत असतात, बोट सतत मान हलवत राहते, फेअरलीडमध्ये, म्हणजे डेकच्या कडेला दोर जातो त्या खाचेत, दोर घासतो. दोन वेगळे दोर ठेवा, दोन्ही क्लीटवर एकेक, लांबी थोडी वेगळी, आणि दर वेळी बोटीवर चढलात की फेअरलीडमधला तो वीतभर तुकडा हातात घेऊन पिरगाळून बघा. बाहेरून केसाळ झाला असेल तर ठीक, आतले पीळ तुटायला लागले असतील तर त्याच दिवशी बदला.

कडेचे खांब, स्टँशन, आणि त्यातून जाणाऱ्या तारा, लाइफलाइन. यांचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. लाँचवाला त्यालाच धरून तुमच्या बोटीला चिकटतो, पाहुणा त्यालाच धरून चढतो, आणि फेंडर पण त्यालाच वर तारेला बांधलेले असतात. खांब ६० सेंटीमीटर उंच, खालच्या बोल्टांमधलं अंतर ६ सेंटीमीटर धरा. वर कोणी ४० किलोने ओढलं की खाली बोल्टवर ४०० किलो येतात. मग बुडाशी डेकला बारीक तडे पडतात, तिथून पाणी आत, आणि खालच्या बंकवरची गादी ओली का हे कोणाला कळत नाही. फेंडर खांबाच्या बुडाला बांधा. चढताना मास्टला बाजूने धरणाऱ्या तारा धरा, श्राउड म्हणजे, त्या कितीही ओढा. तारांवर पांढरं प्लास्टिक असेल तर ते सोलून काढा किंवा तारच बदला, आत गंज लपतो आणि तार एक दिवस हातात येते. ऑफशोअर रेसच्या नियमांत याच कारणाने साधी उघडी तार लागते.

लाइफलाइन म्हणजे जीव वाचवणारी तार असं समजू नका, ती फक्त कठडा आहे. रात्री किंवा जोराच्या वाऱ्यात पुढे जायचं तर हार्नेस, आणि त्याचा पट्टा डेकवर मागपासून पुढपर्यंत ताणलेल्या जॅकलाइनला. जॅकलाइन चपट्या पट्टीची घ्या, गोल दोरावर पाय पडला की तो घरंगळतो. ती बांधायची भक्कम पॅडआयला, म्हणजे डेकला बोल्ट केलेल्या कडीला, किंवा क्लीटला, आणि बंदरात आलात की काढून ठेवायची, ऊन तिला लवकर खातं.

बाकी घोड्याच्या नालेच्या आकाराची लाइफबॉय मागच्या कठड्यावर, बांधून नाही, हाताने झटकन निघेल अशी. फेकायचा तरंगता दोर तिच्याजवळच. बोट हुक एक नाही दोन, कारण एक पाण्यात पडणारच. हातपंप कॉकपिटमधून चालवता येतो का बघा, आणि त्याचं हँडल पंपाजवळच बांधलेलं असू द्या, लॉकरच्या तळाशी नको. दातेरी चाकू कॉकपिटमध्ये हाताशी ठेवा. मुंबईच्या बाहेर पडलात की डोलीची जाळी आणि त्यांचे खुंट सगळीकडे असतात, रात्री ते दिसत नाहीत, आणि कोळ्याचं जाळं कापणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय, तेव्हा चाकू अगदीच इलाज नसेल तेव्हा, आणि आधी इंजिन न्यूट्रल.

आता खरी मेहनतीची बाब, या सगळ्या वस्तू डेकला धरल्या कशाने आहेत. एक दुपार काढा, टॉर्च घ्या, केबिनच्या छताचं अस्तर जिथे निघतं तिथे काढा आणि प्रत्येक क्लीट, विंच, खांब, ट्रॅक यांचे खालून नट बघा. नटाखाली रुपयाएवढा वॉशर दिसला आणि तो फायबरमध्ये रुतून भोवती पांढरा गोल पडलेला दिसला तर तो जॉइंट थकलाय. तिथे चांगली जाड बॅकिंग प्लेट हवी, ॲल्युमिनियमची किंवा जी१० फायबरग्लासची, वरच्या वस्तूच्या बुडापेक्षा सगळ्या बाजूंनी थोडी मोठी. तपकिरी ओघळ दिसला तर बोल्ट आत झिजतोय. स्टेनलेसला हवा लागत नाही अशा ओल्या फटीत तो आतून कुरतडला जातो, वरचं डोकं चकचकीतच राहतं.

वरून डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हळूहळू ठोकत जा. अशा बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा बाल्सा लाकूड असतं. टणक टणक वाजलं की ठीक, मधेच धप्प असा मेलेला आवाज आला की आत पाणी शिरून लाकूड कुजलंय, आणि तो धप्प बहुतेक वेळा एखाद्या खांबाच्या किंवा क्लीटच्या भोवतीच सापडतो. दुरुस्ती करताना भोक मोठं पाडायचं, आजूबाजूचं ओलं लाकूड उकरून काढायचं, वाळू द्यायचं, इपॉक्सीने भरायचं, आणि मग त्या इपॉक्सीतून बोल्टचं नवीन भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. भोकाची वरची कड थोडी तिरकी घासून घ्या म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. सीलंट म्हणून ब्युटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड. बाथरूमचं सिलिकॉन नको, निघत पण नाही आणि त्याच्यावर दुसरं काही चिकटत पण नाही. आवळताना वरून बोल्ट धरून ठेवायचा आणि खालून फक्त नट फिरवायचा, बोल्ट फिरवला की सीलंट तुटतो. म्हणजे दोन माणसं लागतात, एक वर उन्हात आणि एक खाली घामात, आलटून पालटून करा.

बोल्ट आणि शॅकल घ्यायला नागदेवी स्ट्रीटला गेलात तर ३१६ ग्रेड मागा आणि पक्कं बिल घ्या. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येतात ही अफवा आहे, दोन्ही जवळपास सारखेच वागतात. ज्या शॅकलवर वर्किंग लोडचा आकडा ठोकलेला नाही तो नांगराला किंवा शिडाला लावू नका, फेंडरला चालेल. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या मास्टमध्ये घालताना मधे ड्युरालॅक किंवा टेफजेल लावा, नाहीतर दोन वर्षांनी तो स्क्रू निघणार नाही, मोडेल. ट्रॉलरच्या दुकानातला स्वस्त पॉलिप्रोपिलीन तरंगतो म्हणून फेकायच्या दोराला बरा, मूरिंगला नको, ऊन लागून तो कुरकुरीत होतो. मूरिंगला आणि नांगराला नायलॉन, शीटला पॉलिस्टर, हॅल्यार्डला परवडलं तर डायनीमा.

पैसे कुठे घालायचे? माझ्या मते आधी पुढच्या दोन क्लीट आणि त्यांच्या बॅकिंग प्लेट, सोबत मूरिंगचे दोर, कारण तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हा बोट त्यांच्यावर असते. मग मास्टच्या तारा आणि चेनप्लेट, म्हणजे त्या तारा बोटीला जिथे धरतात त्या पट्ट्या, कोणातरी जाणकाराला दाखवा, दहा वर्षांच्या वरच्या असतील तर बदलायची तयारी ठेवा, टर्नबकलच्या, म्हणजे त्या तारा ताणायच्या स्क्रूच्या, पिना फुटलेल्या किंवा गायब असतील तर त्या आजच, पाच-दहा रुपयांच्या पिनेवर मास्ट उभा असतो. मग लाइफलाइन, हार्नेस, जॅकलाइन. विंचला पैसे नाही, फक्त एक रविवार लागतो. नवीन विंच, इलेक्ट्रिक विंडलास, चकचकीत कार आणि ट्रॅक हे सगळं नंतर, आणि खरं सांगायचं तर मुंबई-मांडवा आणि वर्षातून एखादी अलिबाग किंवा मुरुड एवढंच करणार असाल तर विंडलासची गरजच नाही.

हे सगळं बोट पाण्यात असताना करत बसू नका. तसंही मेअखेरीस पावसाळ्यासाठी बोट वर काढावी लागेल, तेव्हा यार्डात तीन महिने हातात असतात. वर काढायच्या आधीच एकदा अस्तर काढून यादी करून ठेवा, कुठे धप्प वाजतं तिथे डेकवर मास्किंग टेप चिकटवा, कारण जून उजाडला की सगळ्यांच्याच बोटी यार्डात येतात आणि फायबरवाला कारागीर शोधून सापडत नाही. आणि पहिला मुसळधार पाऊस येईल त्या दिवशी तिघांपैकी एकाने केबिनमध्ये जाऊन बसा, कुठल्या बोल्टमधून थेंब येतो ते खडूने खूण करा, होज पाइपने एवढं चांगलं कळत नाही.